ओळंबा कोणाच्या हातात

३ ऑक्टोबर
फार दिवसांनी पान उघडतेय — माफी. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, लाज वाटत होती.
आमच्या वर्कशॉपमध्ये बनलेला कृत्रिम पाय लावून एक शिक्षिका जिन्यावरून पडल्या. जुळवणी माझी. गुडघा किंचित बाहेर कललेला. फिटरला दिसलं होतं, फिजिओबाईंनाही. कोणी बोललं नाही. विचारलं तर फिटर म्हणाला, "मॅडम, तुम्ही मोजलंय म्हटल्यावर..."
मी तर कधी आवाजसुद्धा चढवत नाही!

५ ऑक्टोबर
सगळ्यांना बसवून सांगितलं — खटकलं की बोला, माझं काम असलं तरी. माना हलल्या. चहा निवला. मी बाहेर पडले आणि आत हसणं सुरू झालं. चष्मा टेबलावर राहिला होता. आणायला गेले नाही.

६ ऑक्टोबर
डबा आजही एकटीनेच.

११ ऑक्टोबर
बोलला! नव्या पायाची टाच आत वळलीय म्हणाला फिटर, सगळ्यांसमोर. मी लगेच ओळंबा, वजन बांधलेली दोरी, सोडून पाहिला — दोरी बरोबर टाचेच्या मधोमध. तोच चुकला होता. पण मी रागावले नाही. हसून म्हटलं, "ठीक आहे रे, विचारलंस ते छान केलंस."
घरी येऊन ताईला फोन केला. म्हणाली, "तू रागावत नाहीस गं, तू नापास करतेस." तिला टोचून बोलायची खोडच आहे.

१२ ऑक्टोबर
फिजिओबाई खोलीत आल्या. बसल्या नाहीत. टाच ठीक आहे हे फिटरला ठाऊक होतं म्हणे. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, मुद्दाम चुकीचं बोलायचं आणि मॅडम काय करतात ते बघायचं.
काय केलं मी, असं विचारलं.
"त्याचं वाक्य संपायच्या आत ओळंबा काढलात. त्याला बघूसुद्धा दिलं नाहीत."
दिवसभर कानात तेच. उद्या आठ वर्षांच्या एका मुलीला पाय द्यायचाय. जुळवणी माझीच. तो कलला असेल तर कोण सांगणार मला?
भांडी घासताना हात थांबला. फिजिओबाईंनी सांगितलं की! तोंडावर. दार उघडं ठेवून.

उद्या — मुलीच्या पायाला ओळंबा फिटर लावेल. मी हात मागे बांधून उभं राहायचं.