दसऱ्याला उघडलेली फणी

म्युनिक,
१२ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप याडीस,
बबिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून मला सांगवणार नाही, म्हणून पत्र. आपण हरलो. दिग्रसच्या जिनिंगमध्ये बापूंनी कापसातले केस नि सुतळी पकडायला जी फणी बसवली होती, तशाच फणीचं पेटंट इथल्या एका कंपनीकडे राहिलं. त्यावर हरकत घेणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं काम आमच्या ऑफिसात आहे, हे तुला माहीतच आहे. बापूंची फणी आधीपासून लोकांसमोर होती एवढं सिद्ध झालं असतं, तर पेटंट रद्द झालं असतं. पण तुझ्या जबाबात लिहिलंय की ती कापडाखाली असायची. झाकलेली वस्तू लोकांना माहीत होती असं धरता येत नाही, असं खालचं पीठ म्हणालं.

आता दोन महिन्यांत अपील नोंदवायचं आणि चार महिन्यांत कारणं द्यायची. फणी झाकायचे कशाला, ते सविस्तर कळव. इथे मराठी बोलायला कुणी नाही, आपण आईला याडी नि वडिलांना बापू म्हणतो हेही कुणाला ठाऊक नाही. तुझं पत्र आलं की मी ते मोठ्याने वाचते.

आशीर्वाद असू दे.
तुझी बबिता

तांडा, दिग्रसजवळ,
३ मार्च २०२४

चि. बबितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जबाब घेताना मला विचारलं, फणी रोज कशी ठेवायचे? मी सांगितलं, झाकून. कापड म्हणजे माझीच आरशांची जुनी ओढणी. बापूंना वाटायचं, अर्ध्या दिग्रसची नजर त्यांच्या फणीवरच आहे!

पण दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची तेव्हा ओढणी निघायची. व्यापारी, गाडीवाले, वणीकडचे ट्रकवाले, सगळे हात लावून पाहायचे आणि बापू प्रत्येकाला फणी फिरवून दाखवायचे. हे कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. दसऱ्याला मशीन उघडतात, हे काय सांगायचं? जिनिंगमधल्या देवरावला साक्षीचं विचारलं, तर तो म्हणाला, मले कायले विचारता, साऱ्या दिग्रसनं पाह्यली हाये फणी. येतो म्हणाला.

बापू गेल्यापासून घरात मी आणि दोन शेळ्या. शेळ्यांना हा दसरा सांगून झाला आहे. जेवत जा.

माया आहेच.
तुझी याडी, हंसाबाई

म्युनिक,
२० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप याडीस,
शि. सा. न. वि. वि.

अपीलही गेलं. दसऱ्याची गोष्ट आम्ही कारणांत लिहिली होती, देवरावकाकांचं नावही दिलं होतं. पण इथलं अपील म्हणजे नव्याने सुरुवात नाही. खालच्या पीठापुढे जे होतं, त्यावर त्यांचा निकाल बरोबर होता का, हेच मुख्यतः पाहतात. नवी गोष्ट घ्यायची की नाही, हे वरचं पीठ ठरवतं. त्यांनी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही? आमचे साहेब म्हणाले, तिकडे ही सांगायची गोष्टच वाटत नाही. अध्यक्षबाईंनी समजून मान हलवली, पण घेतलं नाही. याच्याही वर एक मोठं पीठ आहे, मात्र कामकाजातच गंभीर चूक झाली तरच ते पाहतं. तशी चूक झालेली नाही.

हे पेटंट आपल्याकडे लागू नाही, त्यामुळे दिग्रसला काही फरक पडत नाही. पण बापू पहिले होते हे कुठेतरी लिहिलं जावं, असं मला फार वाटत होतं. निकालानंतर मी जिन्यात बसून रडले. तू स्वतःला दोष देऊ नकोस. नवी केस आली आहे, डिसेंबरात येणं जमेलसं दिसत नाही.

आशीर्वाद असू दे.
बबिता

तांडा,
९ डिसेंबर २०२५

चि. बबितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाईट वाटलं, पण तू समजतेस तेवढं नाही. खरं सांगू? निकाल लागूच नये, असं मला वाटत होतं. केस होती तोवर तू दर पत्रात बापूंबद्दल विचारायचीस. फणीला लोखंड कुठलं, दात कसे घासले, चिडले की काय करायचे. मी चुलीपाशी बसून आठवत राहायचे आणि तेवढा वेळ घरात आम्ही दोघं असायचो. त्याआधी तू फक्त गोळ्या घेतल्या का, एवढंच लिहायचीस. आता पुन्हा तेच लिहिशील, याची मला भीती वाटते.

नवी केस खुशाल लढ. पण बापूंबद्दल काहीतरी विचारत जा, कितीही बारीकसं. माझ्याकडे पुष्कळ आहे. न विचारता सांगायची मात्र मला सवय नाही.

माया आहेच, तुझीही कमी होऊ देऊ नकोस.
तुझी याडी, हंसाबाई