चाळीस पानं दारात उभी

प्रिय धाकटीस अनेक आशीर्वाद,

तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे बरे, म्हणजे चालताना आवाज करतात, पण उलट बोलत नाहीत. पत्र मी सांगतेय, नात लिहितेय. चुका तिच्या, टोमणे माझे.

तर सुटलो गं एकदाच्या! प्रकाशकानं नातीची कादंबरी घेतली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे. दोनदा परत आली होती. आता आली तर लिहिणंच सोडीन, म्हणून पोरगी हटून बसलेली. मला अक्षर येत नाही, म्हणून वाचून दाखवली. काय सांगू! मोलकरीण नव्या घराच्या दारात उभी, आणि चाळीस पानं नुसते पडदे, झुंबरं, जिन्याचा कठडा, गॅसचे दिवे. (दिव्यांपाशी मला डुलकी लागली. जागी झाले तरी दिवेच.) मी म्हटलं, "अगं, तिला आत तरी घे!" तर म्हणे, "आजी, त्या काळाचं वातावरण नको का?" म्हटलं, "हवं की, पण त्यात श्वास घ्यायला कुणीतरी हवं ना!"

रुसून वही उचलून घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारायला आली, काय काय आठवतंय तुला? माझ्या डोक्यातून झुंबरं गेली होती, कठडा गेला होता. राहिली होती एकच गोष्ट: आधीच्या घरच्या शेगड्या घासून त्या मोलकरणीच्या बोटांना भेगा पडलेल्या, आणि त्या दिसू नयेत म्हणून तिनं मुठी मिटलेल्या. मग तोच नेम झाला. संध्याकाळी तिनं वाचायचं, सकाळी मी सांगायचं, मी विसरले ते तिनं खोडायचं. (एक अख्खं नाचघर मी मुद्दाम विसरले. फार लांब होतं.) पण पोरीनं इतकं खोडलं, की माणसं आपल्याच स्वयंपाकघरात बोलताहेत असं वाटायला लागलं. म्हटलं, थोडा धूर परत आण बाई, मालकिणीला चिडायला काही हवं की नको? आता कोळशाचा धूर वाळत घातलेल्या चादरींवर बसतो, आणि मालकीण मोलकरणीवर बरसते. ते ऐकताना मला डुलकी लागली नाही. प्रकाशकालाही नसावी.

तुझी,
ताई

ता. क. ती मालकीण प्रकाशकाला सगळ्यात आवडली. धुतलेली चादर उजेडात धरून डाग शोधणारी, सापडला नाही की हिरमुसणारी. रागावू नकोस, ती तूच.

आणखी एक. त्यांनी दुसरी कादंबरी मागितलीय आणि माझ्याकडची माणसं संपली. तेव्हा महिनाभर राहायला ये. आठवण येते म्हणून नव्हे. जावेशी तुझं भांडण चाललंय ना, ते मात्र निघण्याआधी मिटवू नकोस.