मैनाच्या पाठीचं रूट कॉज

१० ऑगस्ट, रविवार

मैनाची पाठ दुखते आहे. खोगीर चढवलं की कान मागे पाडते, पट्टा आवळला की हवेला चावते. आज तबेला चालवणाऱ्या अजिमभाईंनी चऱ्होलीला घोड्यांच्या डॉक्टर आणल्या, निवेदिता मॅडम. त्यांनी मणक्याच्या कडेनं बोटं दाबत नेली तशी बिचारी खालीच वाकली. निकाल: खोगीर बंद. फक्त जमिनीवरून व्यायाम. दुखणं पुन्हा उलटलं तर स्वारी कायमची विसरायची.

मॅडमनी माझं वजन विचारलं. जनावरांच्या डॉक्टरला माझ्या वजनाशी काय करायचंय? तरी सांगितलं, साधारण. त्यांनी अजिमभाईंकडे पाहिलं. अजिमभाईंनी मैनाकडे पाहिलं.

संकल्प: दसऱ्याला मैनावर बसून सोसायटीच्या गेटपर्यंत येणार म्हणजे येणार. कंपनीत सगळ्यांना सांगून झालंय.

घरी शुभदा म्हणाली, पन्नाशीत माणसं सोनं घेतात, तुम्ही घोडी घेतलीत. असेल. पण दिवसभर महाळुंग्याच्या कंपनीत परत आलेल्या मालाबद्दल बोलणी खाल्ल्यावर माझी गाडी आली की खिंकाळणारं कोणीतरी असावं असं वाटतं. घरी कोणी खिंकाळत नाही.

१२ ऑगस्ट, रात्री

वीस वर्षं क्वालिटीत काढली ती कशासाठी? कॅलेंडरच्या मागच्या बाजूला फिशबोन काढला, माशाच्या सांगाड्यासारखा कारणांचा तक्ता. खोगीर, गादी, नाल, खुराक, तबेल्याची फरशी, खणून ठेवलेला रस्ता, सगळ्यांना एकेक काटा दिला. मॅन, म्हणजे माणूस, या काट्यावर अजिमभाई लिहिलं. स्वाराचाही काटा काढायचा होता, पण कागद संपला.

रूट कॉज, म्हणजे मूळ कारण: खोगीर. कानपूरहून नवीन मागवलं.

१७ ऑगस्ट, रविवार

अजिमभाई म्हणाले, साहेब, खोगीर बदलून काय... आणि चहा प्यायले. वाक्य पुरं करायची या माणसाला सवयच नाही.

मॅडमचा प्रोग्रॅम: रोज सकाळी मैनाला हाताने धरून टेकाडावर चढवायचं. जमिनीवर बांबू मांडून त्यावरून पावलं उचलायला लावायची. गाजर दाखवून मान बरगडीपर्यंत वळवायची, दोन्ही बाजूंना. मोतद्दार करेल, अजिमभाई म्हणाले. मी म्हटलं, नाही, मालक स्वतः करेल. उद्यापासून, पहाटे पाच.

१८ ऑगस्ट

गेलो नाही. कस्टमरचा कॉल लांबला.

१९ ऑगस्ट

पाऊस.

२० ऑगस्ट

गेलो. टेकाड चढवलं. अर्ध्यात मैना थांबली आणि मागे वळून माझी वाट बघत राहिली. नोंद: तिचा स्टॅमिना बराच खाली आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

बांबूंवरून मैना एकाही बांबूला खूर न लावता गेली. मी दुसऱ्याच बांबूला अडखळलो. बांबू चुकीच्या अंतरावर मांडले होते, अजिमभाईंना सांगितलं. ते बरं म्हणाले.

गाजराचा व्यायाम मात्र मला फार आवडला. पोटाशी गाजर धरलं की ती लांबच लांब मान वळवून येते, माझ्या मनगटावर गरम श्वास सोडते आणि अगदी अदबीनं गाजर घेते. एवढी अदब मला कंपनीत कोणी दाखवत नाही.

३१ ऑगस्ट

गणपती. कंपनीचा, सोसायटीचा, मेहुण्याचा. प्रसादाला नाही म्हणू नये. शुभदा म्हणते रायडिंगची पँट आटली आहे की काय बघा. हल्लीचं कापडच तसलं येतं.

७ सप्टेंबर, रविवार

मॅडम आल्या होत्या. बोटं दाबली, मैना वाकली नाही! पाठीवर मांस भरतंय म्हणाल्या. मी हसून टाकलं, पण गाडीत बसल्यावर डोळ्यात पाणी आलं. थकव्यानं असेल.

मॅडमनी माझी जुनी खोगिराखालची गादी मागवली आणि घामाचे डाग दाखवले. उजवीकडे काळाकुट्ट, डावीकडे जवळजवळ कोरं. म्हणाल्या, तुम्ही उजवीकडे कलून बसता का? मी म्हटलं, छे. नोंद: मैनाला एकाच बाजूला घाम येतो. मिनरल मिक्श्चर चालू करावं.

१४ सप्टेंबर, रविवार

मॅडमच्या सांगण्यावरून आज पहिली ट्रायल, हलक्या स्वाराची. अजिमभाईंची बहीण माहेनूर, इथं मुलांची बॅच घेते, ती नव्या खोगिरावर बसली. मैना कान पुढे करून, फुरफुरत, दुडक्या चालीनं मैदानभर फिरली. नाचल्यासारखी. चार महिन्यांत अशी चाललेली पाहिली नव्हती.

माझ्या मेहनतीचं फळ. आणि खोगिराचं. मॅडम म्हणाल्या, दिवाळीपर्यंत माहेनूरच बसेल, दुसरं कोणी नाही. दुसरं कोणी म्हणजे तबेल्यावर येणारे नवखे लोक असणार.

२३ सप्टेंबर, रात्री

ऑफिसात सगळे विचारतात, साहेब, घोडा कधी? स्टोअरच्या माणसानं हार सांगून ठेवलाय.

आमच्याकडे पार्ट स्पेसिफिकेशनच्या जरासा बाहेर असला आणि तिकडे कस्टमरची लाइन थांबायला आली, तर आम्ही डेव्हिएशन घेतो. कारण लिहायचं, किती माल, किती दिवस, आणि कस्टमरची सही. नियम मोडत नाही, नियमाला सुट्टी मिळते. यात चूक काही नाही, सगळा चाकण पट्टा यावर चाललाय.

कारण: दसरा. प्रमाण: एक फेरी. मुदत: एक दिवस. कस्टमर मी. मंजूर.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

कंपनीत मशिनांची पूजा आटपून संध्याकाळी तबेल्यावर गेलो. खोगिराला हळदकुंकू लावलं, अजिमभाईंनीच झेंडू आणून दिले. मग हळूच विचारलं, मॅडमनी परवानगी दिली का? मी म्हटलं, डेव्हिएशन मंजूर आहे. म्हणाले, कोणी दिलं? मी म्हटलं, संबंधितांनी.

ते म्हणाले, साहेब, मैना तुमची आहे, मी काय बोलणार. पण नका बसू. पहिल्यांदाच वाक्य पुरं केलं त्यांनी.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी स्टुलावरून बसलो. मैना चावली नाही, कान पाडले नाहीत. नुसती उभी राहिली. पाठ खाली गेली आणि तिथंच राहिली. चावली असती तर बरं झालं असतं.

तबेल्याच्या गेटबाहेर तिनं दहा-बारा पावलं टाकली, गरम फरशीवर टाकावीत तशी, आणि थांबली. मी टाच लावली. तेव्हा तिनं उजवीकडे मान वळवली, लांबच लांब, बरगडीपर्यंत, आणि माझ्या बुटाला नाक लावून वाट बघत राहिली. गाजराची. तिला वाटलं व्यायाम चाललाय.

मी उतरलो.

सोसायटीपर्यंत दोघं चालत आलो. मोबाइल काढून सगळे उभेच होते. शुभदानं मैनाला ओवाळलं, मलाही ओवाळलं. मी लोकांना सांगितलं की दसऱ्याला घोड्याला विश्रांती द्यायची जुनी पद्धत आहे. दोघातिघांनी मानाही डोलावल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

मॅडमनी बोटं दाबली. उजवीकडे मैना वाकली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग त्या स्पष्टच बोलल्या. नशीब की लगेच उतरलात, पंधरा दिवसांत भरून येईल. माहेनूर बसेल, मुलांच्या बॅचला चालेल, मैनाला काम आवडतं. तुम्ही बसायचं नाही. मी विचारलं, कधीपर्यंत? म्हणाल्या, तुमच्या वजनाला ती घोडी लहान आहे आणि तुम्ही वाकडे बसता, कधीपर्यंत काय सांगू? मग पिंपरीतल्या एका दिपाली मॅडमचा नंबर दिला. त्या माणसांच्या पाठीचं बघतात म्हणे.

११ ऑक्टोबर

दिपाली मॅडमनी मला पालथं झोपवलं आणि मणक्याच्या कडेनं बोटं दाबत नेली. उजवीकडे मी ओरडलो.

प्रोग्रॅम: वजन उचलायचं नाही. रोज चढावर चालायचं. जमिनीवर काठ्या मांडून पावलं उचलायची. दोन्ही बाजूंना मान वळवायची. गाजर खा, भात कमी करा.

२६ ऑक्टोबर, रविवार

टेकाड. अर्ध्यात थांबलो. मैना थांबली. पाठ तिची छान भरली आहे, कालच निवेदिता मॅडमनी पाहिली. गाजर अर्धं तिला दिलं, अर्धं मी खाल्लं. पुढच्या दसऱ्यापर्यंत वजन उतरवलं तर, असा विचार केला. लिहिण्याइतका पक्का नाही.

खाली आलो तेव्हा मुलांची बॅच जमली होती. माहेनूर खोगीर घेऊन आली, मी आणलेलं, कानपूरचं. ते बघून मैनानं कान पुढे केले. मी इतके महिने खोगीर घेऊन आलो, असे कान कधी झाले नव्हते.

दोरी माहेनूरच्या हातात दिली आणि घरी आलो. खोगीर चांगलं बसतं.