नऊला तीन पाडतो

७ एप्रिल, सोमवार

माझ्या प्रोग्रामात नऊ ही मूळ संख्या निघाली. पंचवीस पण. पस्तीस पण! मी कीबोर्डवर अशी बुक्की घातली की एंटरचं बटण उडून शुभांगीच्या मांडीवर पडलं. सर म्हणाले, "सुलक्षणा, कीबोर्ड आहे तो, कुणाची मान नाही." सगळी लॅब हसली. शुभांगी नाही हसली. मी हसणाऱ्याला बाहेर गाठते हे तिला माहीत आहे.

शुक्रवारी प्रॅक्टिकल. दिलेली संख्या मूळ आहे का, हे सांगणारा प्रोग्राम लिहायचा. नापास झाले तर कॉलेज बंद, आण्णांनी सांगूनच ठेवलंय. मग दोन्ही वेळ कुस्तीची तालीम आणि गावोगावच्या जत्रा. आण्णा माझे वडील आणि वस्तादही तेच. म्हणजे मार दोन्हीकडून.

८ एप्रिल

सकाळी तालमीत डाव सुटला. डोक्यात प्रोग्राम होता. "ध्यान कुठं हाय गं तुजं?" म्हणत आण्णांनी पोटरीवर काठी ओढली. मग मानेवर रपाटे. मान घट्ट होते म्हणे त्यानं. भोंगवलीहून भोरला जाईपर्यंत एसटीत बसून पाय दुमडता येईना. उभीच राहिले.

आणि उभ्या उभ्या कळलं! संख्या आखाड्यात उतरली. आधी दोन आला, त्यानं नऊला धरलं, नऊ पडला नाही. झालं, माझा प्रोग्राम लगेच निकाल देतो — नऊ मूळ. मला जत्रेची सवय ना. एक कुस्ती, एक निकाल, बांधा फेटा. पण तीन तिकडं शड्डू ठोकत उभाय त्याचं काय? सगळे येऊन भिडेपर्यंत निकाल द्यायचाच नाही. मी निकालाची ओळ लूपच्या, म्हणजे चालू फेऱ्यांच्या, आत घातली होती. बाहेर काढली, तिथंच, मोबाईलवर. नऊ पडला. पंचवीस पडला. सदतीस उभाच राहिला.

रडूच आलं मला. शेजारच्या सीटवर गावातल्या ठकुबाई होत्या. "कोन गेलं का गं बाय?"

"न्हाई आजी. नऊ पडला."

"लई लागलं का त्याला?"

९ एप्रिल

प्रोग्राम एकला मूळ दाखवतोय. त्याच्यासमोर लढायला कुणी येतच नाही, म्हणून आपोआप विजयी. सर म्हणाले, एक मूळ नसतो, त्याला आधीच बाजूला काढ. काढला. शुभांगी म्हणाली, आता शुक्रवारी परीक्षकांना तूच घाम फोडशील.

१० एप्रिल

आजचं लिहायचंच आहे.

दुपारी आण्णा आले. वेल्ह्याकडल्या एका जत्रेत माझी कुस्तीची जोड ठरवलीय. उद्याच. मी म्हणाले, उद्या प्रॅक्टिकल आहे. "म्या शब्द दिलाय," म्हणाले. मी म्हणाले, तुम्ही दिलाय, तुम्हीच लढा.

त्यांनी माझा मोबाईल पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं ठेचला. आई मधे आली. "शिकू द्या की पोरीला," एवढंच म्हणाली. त्यांनी तिचे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. तिची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं.

पुढचं मी ठरवलं नाही. हात आपसूक गेले. धोबीपछाड. त्यांचाच डाव, त्यांनीच शिकवलेला, पण खाली तालमीची माती नव्हती, फरशी होती. खांद्याचं हाड मोडलेलं ऐकू आलं. मी छातीवर बसले आणि कोपर गळ्यावर टाकलं. त्यांनी फरशीवर हात थोपटला. तालमीत थोपटलं की सोडायचं असतं. मी सोडलं नाही. परत थोपटलं. डोळे पांढरे झाले. मला बरं वाटत होतं. कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते, लई बरं वाटत होतं. "सोड गं, मरतील ते!" आई माझे केस ओढत होती. बऱ्याच वेळानं सोडलं.

दवाखान्यात आण्णांनी सांगितलं, मोरीत पाय घसरला. आईनंही तेच सांगितलं. येताना टेम्पोत आण्णा माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "डाव बराबर बसला पर." हसले का काय, कळलं नाही. मला पुन्हा मारावंसं वाटलं.

११ एप्रिल

पास! परीक्षकांनी एक्क्याण्णव टाकला, त्यांना वाटलं मी फसेन. सातानं पाडला त्याला. सत्त्याण्णव उभा राहिला. एक टाकला, तो बाजूला. सर म्हणाले, पुढच्या वर्षीची फी वेळेत भर. जत्रेला कोण नेणार? आण्णांचा हात गळ्यात आहे.

१२ एप्रिल

घरात आवाज नाही. आण्णा खाटेवर पडून, पाणी मागायचं तरी आईला खुणेनं मागतात. मी अंगणात बसून निवांत अभ्यास केला. असं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. आता कुणाची हिंमत नाही.

१३ एप्रिल

चहा करायला गेले. आई गॅसपाशी खाली बसून लसूण सोलत होती. साखरेचा डबा वरच्या फळीवर, म्हणून मी हात वर केला. तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "चुकलं बाय," म्हणाली. "चुकलं माजं."