रक्त जातंय कुठे?

प्रिय खारूताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता खालच्या शिंप्याकडून लिहून घेतला. ही लबाडी आधीच कबूल करते. तीन वर्षांपूर्वी तू केसांच्या टोपांचं वेगळं दुकान काढलंस आणि मी तोंडाला येईल ते बोलले, त्याबद्दल आज चकार शब्द काढणार नाही. आज तुला एका चोरीची गोष्ट सांगायची आहे. चोरी माझ्याच रक्ताची आणि चोर सापडायला सात महिने लागले.

सुरुवात नखांपासून झाली. नाटकातल्या एका म्हाताऱ्याचा पांढरा टोप हातात होता. जाळीतून एकेक केस आकडीने ओढून गाठ मारताना तिचं टोक सतत नखात अडकायचं. बघते तर नखं मधे खोलगट झालेली, पाण्याचा थेंब ठेवला तर तिथेच राहील अशी. त्यातच बर्फ खायचं वेड लागलं. दिवसभर बसून कडाकडा बर्फ फोडायचे. शिंप्याने तर विचारलं, वर उंदीर झालेत का म्हणून. जिना चढला की छातीत धडधड व्हायची, पण म्हटलं, वय झालं, चालायचंच. शेवटी टोप पोचवायला गेले आणि नाटकवाल्यांच्या दारातच भोवळ येऊन खाली बसले. टोप मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला होता, हे ते अजून हसून सांगतात. त्यांनीच दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन निघालं सहा पॉइंट आठ. माझ्यासारखीचं बारा तरी हवं म्हणे.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या, आणि तुझ्यासारख्याच खोदून खोदून विचारणाऱ्या. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत अशी तंबी दिली. मी शहाण्या मुलीसारखं सगळं ऐकलं. तीन महिन्यांनी आकडा जवळजवळ नऊवर गेला. मी खूश. पुढच्या महिन्यात परत सात. तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आपण भरतोय तेवढं कुठून तरी गळतंय. ते सापडेपर्यंत मी तुम्हाला सोडणार नाही."

मलाही खरं सांगायचं तर चेव आला. त्यांनी काचेवरचा माझ्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पेशी लहान लहान, मधे फिकट, कितीदा तरी धुतल्यासारख्या. मग एकेक संशयित बाद करत गेलो. पाळी जाऊन दहा वर्षं झाली, म्हणजे ती नाही. खाण्यापिण्यात तसं कमी काही नव्हतं. जंत नव्हते. शौचाच्या तपासणीत मात्र डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. आतड्यात गाठ असू शकते, हे त्यांनी न लपवता सांगितलं. त्या आठवड्यात टोपाची एकही गाठ धड बसली नाही. तुला कळवावं असं दहा वेळा मनात आलं, आणि दहाही वेळा माझा हट्ट आडवा आला. दुर्बिणीतून तपासलं तर मोठं आतडं स्वच्छ निघालं. मग जठरात दुर्बीण घातली, तर तिथे बारीक बारीक जखमा, बऱ्याचशा. जखमा करणारे जंतू असतात म्हणे, तेही नव्हते. मग जखमा केल्या कुणी? कुठलं औषध घेता का, असं त्यांनी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा मी ठणकावून नाही म्हणाले.

तेव्हा त्यांचा संशय माझ्या रंगांवर आणि डिंकावर गेला. कामाचा डबाच घेऊन या म्हणाल्या. मी नेला आणि रोज सकाळी मांडते तसा त्यांच्या टेबलावर ओळीने मांडला. आकडी, कंगवा, कात्री, टाचण्या, डिंक आणि मानदुखीच्या गोळ्यांची पट्टी. त्यांनी रंगांकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्टी उचलली आणि विचारलं, "औषध घेत नाही म्हणाला होतात ना?"

"ते औषध कुठे, ते हत्यार आहे," मी म्हणाले.

खोटं नाही बोलले गं मी. वीस वर्षं मान खाली घालून गाठी मारायच्या, तर आकडीसारखीच गोळीही लागते, असंच धरून चालले होते. सकाळी उपाशीपोटी दोन, टोप घाईचा असला तर चार. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग त्यांनी कपाळाला हात लावला. त्याच गोळ्या जठराला आतून कुरतडत होत्या. त्या बंद झाल्या. जखमा भरायला आठ आठवड्यांचं औषध झालं, लोह सलाइनमधून दोनदा दिलं. सुताराकडून उंच घोडी करून घेतली, आता टोपाचं लाकडी डोकं माझ्या डोळ्यांसमोर असतं आणि मान सरळ राहते. गेल्या आठवड्यात आकडा साडेअकराच्या वर गेला. नवीन नख मुळाशी सपाट येतंय. रोज उजेडात धरून बघते.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. तुझा पहिला डबा मी भरला होता. तू सोळा वर्षांची होतीस, मान धरली म्हणून डोळ्यांत पाणी आलं होतं तुझ्या. तेव्हा कात्रीशेजारी ती पट्टी मीच ठेवली आणि कामाला बसण्याआधी एक घेत जा, असं मोठ्या तोऱ्यात शिकवलं. परवा मावशी तुझ्याकडून आली. दुकान छान चाललंय म्हणाली, मला बरं वाटलं. मग कौतुकाने म्हणाली, पोरगी काय गोरी झालीय गं, अगदी कागदासारखी. ती हसत होती आणि मी पत्राला कागद शोधायला लागले. खारू, ती पट्टी डब्यातून काढ. उद्याच्या उद्या रक्त तपासून घे आणि डॉक्टरांना गोळ्यांचं सांग, विचारलं नाही तरी सांग. माझ्यावरचा राग असू दे, तो तुझ्या हक्काचा आहे. उत्तर लिहू नकोस. नुसता रिपोर्ट पाठव.

तुझीच,
घाबरलेली आई