पंधरा जूनची नेमणूक

प्रिय धम्मशीला,

फोन तू उचलला नसतास, म्हणून पत्र. अक्षर ओळखून पाकीट तसंच ठेवून दिलंस, तरी माझी तक्रार नाही.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी मेहकरला साड्या बघायला गेले, तर दुकानाच्या गादीवर साड्या उलगडत तू बसलेली. मला पाहिलंस आणि शांतपणे विचारलंस, "मॅडम, काठ लहान दाखवू की मोठा?" अकरा वर्षं एका डब्यात जेवलेल्या बाईनं मला मॅडम म्हटलं! काही न घेताच मी पायऱ्या उतरले.

तेव्हापासून शाळेत धड शिकवता येत नाही. नववीत फळ्याकडे वळले की पाठीमागे तू उभी आहेस असं वाटतं. परवा गणित अर्ध्यात सोडून मी वळून पाहिलं, पोरी हसल्या. खोटं कशाला सांगू, हे आजचं नाही. पगार जमा झाल्याचा पहिला मेसेज आला, त्या दिवसापासून हे सुरू आहे.

विनाअनुदानित शाळेतली ती बिनपगारी वर्षं आपण कशी काढली गं! मी ब्लाऊज शिवायची. तू सुट्टीत सोयाबीन सोंगायला जायचीस, विद्यार्थ्यांनी ओळखू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून. एकदा आमच्याच वावरात आलीस. दुसऱ्या दिवशी चिरलेल्या बोटांना खडू झोंबत होता, म्हणून तू त्याला कागद गुंडाळून लिहीत होतीस. "अनुदान आलं का पहिल्या पगारात पोरीले सायकल घेतो," म्हणायचीस.

अनुदान आलं, पण गणिताचं पद एकच मंजूर झालं. तू पंधरा जूनला रुजू झालेली, मी एक जुलैला. सेवाज्येष्ठतेनं पद तुझंच होतं. पण संस्थेचे अध्यक्ष माझ्या यजमानांचे मामा. त्यांनी नवं हजेरीपत्रक करवलं, त्यात माझी तारीख बारा जून. मी सह्या केल्या. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर तू माझा हात धरून म्हणालीस, "तू सांग ना वं साहेबांले, तुह्याआधी मी आली होती का नाही?"

मी म्हटलं, "मले काही याद नाही."

तू हात सोडलास. रडली नाहीस, भांडली नाहीस. पिशवी उचलून जानेफळच्या गाडीकडे चालत गेलीस. खिडकीतून मी तुला वळणापर्यंत पाहत होते. तू शिव्या घातल्या असत्यास तर कदाचित मी सुटले असते.

सोमवारी मी बुलढाण्याला शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेले. माझा खरा नेमणूक आदेश आणि लेखी जबाब दिला. तिथले साहेब दोनदा वाचून म्हणाले, "बाई, यानं तुमचाच पगार बंद होईल, चौकशी लागेल. समजून राह्यलं ना?" मी हो म्हटलं. घरी यजमान बोलत नाहीत. मामांनी निरोप धाडला, "घरातल्या माणसानं असं काऊन केलं?" पद तुला मिळेलच, असं साहेबांनी सांगितलेलं नाही. पण एकोणीस तारखेला अकरा वाजता तिथेच सुनावणी आहे आणि तुझ्या मूळ आदेशाशिवाय माझा जबाब अपुरा पडतो. नोटीस तुझ्या जुन्या पत्त्यावर गेली तर तुला कळणारही नाही, म्हणून हे पत्र साडीच्या दुकानाच्या पत्त्यावर. तो कागद घेऊन ये. माझ्याशेजारी बसू नकोस, बोलूही नकोस. पण ये.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क न उरलेली,
अन्नपूर्णा