लागू नसेल ते खोडावे

१२ जुलै १९९९, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. नियम तीन. रोज लिहायचं, खरं लिहायचं, कोणाला दाखवायचं नाही.
टीव्हीवर कारगिल चालू आहे. सोसायटीतले लोक महिनाभर मला मेजरसाहेब म्हणतायत. मी हवालदार क्लार्क म्हणून रिटायर झालो. सांगत नाही. एवढ्या उत्साहानं म्हणतात, उगाच मोडता कशाला घालायचा.

दुपारी ४.
डभोईहून मोहना आली. श्रीपतराव शिर्क्याची मुलगी, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. श्रीपतराव लष्करात आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर होता. एकाहत्तरच्या लढाईत विमानहल्ला झाला, बॉम्बची किरच गुडघ्यात गेली, तेव्हापासून लंगडतो. पण रेकॉर्डमध्ये त्याच्या नावावर जखमी जवानांचं पराक्रम पदकही नाही आणि पश्चिम आघाडीवरच्या सगळ्यांना मिळालेला पश्चिमी स्टारही नाही. सर्व्हिस बुकात नुसतं लिहिलंय, 'अपघात'.
मोहना म्हणाली, अप्पा स्वतः कधी कोणाकडे जाणार नाहीत, पण तुमचं नाव त्यांनीच घेतलं. म्हणाले, लक्ष्मीकांत प्रधान तेव्हा ऑफिसातच होता, त्याला ठाऊक असेल.
ठाऊक म्हणजे काय! तीन महिन्यांत दोन्ही पदकं अप्पांच्या छातीवर, लिहून घे, असं सांगितलं. तिनं लिहून घेतलं नाही. आजकालच्या मुलींना शिस्त नाही.

१४ जुलै.
अर्ज तयार. चौदा पानं. सुरुवात लष्करी परंपरेपासून. श्रीपतरावाचं नाव तेराव्या पानावर येतं. वातावरणनिर्मिती लागते.
अहल्या (आमची ही) म्हणाली, एक पान पुरे झालं असतं. तिनं आयुष्यात सरकारी पत्रव्यवहार केलेला नाही, म्हणून बोलू शकते.
प्रती: राष्ट्रपती, संरक्षणमंत्री, तिन्ही सेनाध्यक्ष, दोन वर्तमानपत्रं. पत्रव्यवहाराचा पत्ता माझा दिला. श्रीपतरावाला त्रास नको.

९ ऑगस्ट.
रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. विचारतात, संबंधित जवानाचा सर्व्हिस नंबर काय?
चौदा पानांत एखादी गोष्ट राहायचीच. दुसऱ्या डाकेनं नंबर कळवला. सोबत त्यांच्या मंदगतीबद्दल तीन पानांचा निषेध.

१५ ऑगस्ट, रविवार. दुपार.
सोसायटीत झेंडावंदन माझ्या हस्ते. भाषण चाळीस मिनिटं. विषय: शत्रूची गोळी परवडली, पण कारकुनाची लेखणी नको. विचारलं, कोण होता तो नालायक, ज्यानं बॉम्ब झेललेल्या माणसाला अपघातात काढलं? त्याला शोधून तुमच्यासमोर उभा करीन! टाळ्या. जयसिंगराव सेक्रेटरी म्हणाले, मेजरसाहेब, जामी गयुं, रंग भरला. गुजराती शेजाऱ्यांना सगळं मराठी कळलं नसावं, तरी टाळ्या त्यांच्याच जास्त.
घरी आल्यावर अहल्यानं विचारलं, तेव्हा तुमच्या ऑफिसात कारकून किती होते?
आठवत नाही म्हटलं. अठ्ठावीस वर्षं झाली.

१९ सप्टेंबर, रविवार.
डभोईला जाऊन आलो. श्रीपतरावाचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, मागेच घर. बघितल्याबरोबर म्हणाला, अरे लख्या, पोट केवढं वाढवलंस!
हल्ल्याची हकीकत घ्यायला वही नेली होती. चार वाक्यांत संपवली. विमान आलं. पुढची गाडी पेटली. माझ्या गाडीत तोफगोळे होते, म्हणून दोन फर्लांग बाजूला काढली. मग पायाकडे बघितलं.
म्हटलं, अरे, असं सांगून पदक मिळतं का? मनात काय विचार आले ते सांग. मातृभूमी वगैरे.
म्हणाला, क्लच दाबता येत नव्हता, हाच विचार होता.
तोफगोळ्यांनी भरलेली गाडी फुटक्या गुडघ्यानं दोन फर्लांग चालवली या माणसानं. पण सांगायची कला नाही. ती बाजू मलाच सांभाळावी लागणार.
निघताना म्हणाला, इथल्या लोकांना वाटतं मी पिऊन गाडीतून पडलो. बायको तेव्हा माहेरी होती, म्हणून सासऱ्याकडे कागद गेला होता, तेव्हापासून. कागदात काय होतं कोण जाणे, मला इंग्रजी येत नाही.
रक्त खवळलं. परतताना बसमध्ये त्या कारकुनासाठी पाच विशेषणं सुचली. टिपून ठेवली आहेत.

२१ ऑक्टोबर. ११.३० वाजता.
रेकॉर्ड ऑफिसनं एकाहत्तरच्या अपघाताच्या रिपोर्टची झेरॉक्स पाठवली आहे. एक पान, छापील फॉर्म, टाइप केलेला. 'गाडीतून उतरताना पाय घसरून गुडघ्यास इजा.' खाली छापलेलं: 'दारूच्या अमलाखाली होता / नव्हता. लागू नसेल ते खोडावे.'
काहीच खोडलेलं नाही.
इतका निष्काळजीपणा! अगदी खाली टाइप करणाऱ्यानं पेनानं केलेली आद्याक्षरं: एलडीपी.

१२.१०.
एलडीपी म्हणजे लोकल ड्यूटी पोस्ट असं काहीतरी असू शकतं.

१२.४०.
माझ्या टाइपरायटरचा 'ए' ओळीच्या वर उडायचा. या रिपोर्टातला 'ए'ही उडतो. पण त्या काळी सगळेच टाइपरायटर सारखे होते.

संध्याकाळी ६.
पत्राच्या मागच्या पानावर आणखी लिहिलंय. तेव्हा युनिटच्या ऑफिसात असलेल्या व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र जोडा, चूक कशी झाली ते स्पष्ट लिहा, मग दोन्ही पदकांचा विचार करू. चार ओळींचं पत्र. यांना वातावरणनिर्मिती माहीतच नाही.
झेरॉक्स कपाटात, पेन्शनच्या फायलीखाली ठेवली. सुरक्षित राहील.

२३ ऑक्टोबर.
आता थोडंथोडं आठवतंय. लढाईतल्या जखमींचे फॉर्म संपले होते. ते पाच प्रतींत भरून त्याच दिवशी चार ठिकाणी तार करावी लागे. साध्या अपघाताचे फॉर्म गठ्ठ्यानं पडलेले होते, तीन प्रती, तारेची भानगड नाही. नवीन फॉर्म आल्यावर बदलू, असं त्या कारकुनानं ठरवलं असणार. हेतू शुद्ध होता. नंतर तो रजेवर गेला असणार. आणि अपघातवाला म्हणून स्टारच्या यादीतूनही नाव गळलं असणार.
व्यवस्थेचा दोष. एकट्या माणसाला नालायक म्हणणं उतावीळपणाचं. विशेषणं खोडली.

२ नोव्हेंबर.
मोहनाचा एसटीडी बूथवरून फोन. रेकॉर्ड ऑफिसचं काही आलं का, काका?
म्हटलं, डाक फार मंद आहे, दिवाळी तोंडावर आहे.
खोटं बोललो नाही. डाक मंदच आहे. दिवाळीही आहे.

१४ नोव्हेंबर.
अहल्यानं पेन्शनची फाईल काढली. का काढली, तिला विचारायला हवं होतं. झेरॉक्स वाचली. चष्मा पुसून परत वाचली. म्हणाली, अहो, हा 'एल' तुमचाच. लग्नाच्या नोंदणीवरच्या सहीतही असाच पडलाय.
मी म्हटलं, लढाईचे दिवस होते.
ती म्हणाली, लढाई श्रीपतभावोजींची होती. तुमची स्टेशनरी होती.
रात्री फक्त खिचडी.

२२ नोव्हेंबर.
ठराव: या आठवड्यात प्रतिज्ञापत्र.

१ डिसेंबर.
मसुदा एक: 'तत्कालीन कार्यालयीन परिस्थितीमुळे नोंद चुकली.' कोठी कचेरीजवळच्या नोटरीकडे नेला. पान खाऊन वाचत होता. म्हणाला, काका, आमां भूल कोनी छे, ए तो लखो. चूक कोणाची, ते लिहा. परिस्थितीला समन्स कसं काढणार?
म्हटलं, मसुदा दोन आणतो.

९ डिसेंबर.
मसुदा दोन: 'एका कारकुनाकडून.' नोटरीनं विचारलं, नाव?
उद्या सांगतो म्हटलं.

२० डिसेंबर.
सखोल विचार केला. पहिल्या जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार असं पेपरात आहे. अशा वेळी महत्त्वाचा कागद पाठवणं म्हणजे विहिरीत टाकणं. जानेवारीनंतर.

३ जानेवारी २०००.
कॉम्प्युटर बंद पडले नाहीत. चौकशी केली. सगळीकडे चालू आहेत.

१० जानेवारी.
उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, जवळ आलं. गच्चीवर सगळ्यांची लाउडस्पीकरची झटापट. असल्या गोंगाटात प्रतिज्ञापत्र लिहिता येत नाही.

१७ जानेवारी, सोमवार. सकाळी.
अहल्या साडी बदलून दारात उभी. कुठे म्हटलं, तर डभोईला. झेरॉक्स पर्समध्ये. म्हणाली, तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते, आठ चाळीसची बस आहे.
तिला तिथल्या तिथे थांबवलं. स्टॅम्पपेपर घेतला. मसुदा तीन. 'सदर चुकीचा रिपोर्ट मी, माजी हवालदार क्लार्क लक्ष्मीकांत डी. प्रधान, यानं टाइप केला. जखम शत्रूच्या हवाई हल्ल्यात झाली होती. जवान दारूच्या अमलाखाली नव्हता.' सही करताना पेन दोनदा अडलं. स्वस्त पेन.
नोटरी म्हणाला, एटलीज वात हती? एवढंच होतं?
रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं.
मन हलकं झालं. मुळात कागदावर सत्य येणं महत्त्वाचं. ते कोणी वाचलंच पाहिजे असं नाही. मोहनाला कळवलं, अर्जावर काम चालू आहे.

२६ जानेवारी.
झेंडावंदनाला बोलावलं होतं. घसा धरल्याचं कळवलं.

२८ एप्रिल.
पार्सल! दोन छोट्या डब्या, सोबत रेकॉर्डदुरुस्तीचं पत्र. पराक्रम पदक. पश्चिमी स्टार. श्रीपतरावाचं नाव कडेला कोरलेलं. हातात घेऊन बघितलं. वाटतं त्यापेक्षा जड आहेत.
नऊ महिने लागले, पण करून दाखवलं. आता सत्कार. डभोईला मंडप, बँड, कलेक्टर, मी प्रास्ताविक करणार. पत्र इंग्रजीत आहे, ते मराठीत वाचायचं कामही माझंच. त्यात एक वाक्य आहे, 'माजी हवालदार क्लार्क लक्ष्मीकांत डी. प्रधान यांच्या कबुलीनुसार'. वाचताना लय बिघडते. वगळता येईल.

३० एप्रिल.
मोहनाचा फोन. अप्पा म्हणतात मंडप नको, कलेक्टर नको. लख्याला ये म्हणावं, घरीच देऊ दे.
लोकांना मोठेपणा देता येतो, घेता येत नाही.

७ मे, रविवार. रात्री १०.
लिहावंसं वाटत नाही. नियम आहे म्हणून लिहितो.
तीन वाजता पोचलो. दुकान बंद ठेवलं होतं. श्रीपतराव इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. मी डब्या टेबलावर ठेवल्या. त्यानं उघडल्या नाहीत. म्हणाला, आधी कागद वाच.
वाचला. 'जखम शत्रूच्या हवाई हल्ल्यात झाल्याचे सिद्ध झाले आहे.' म्हणाला, परत. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा डोळे मिटून घेतले. मी पुढे गेलो. 'जवान दारूच्या अमलाखाली नव्हता. त्यानुसार दोन्ही पदके मंजूर...'
मोहना माझ्या खांद्यामागे उभी होती. म्हणाली, काका, मधली एक ओळ राहिली.
म्हटलं, ती तांत्रिक आहे.
ती म्हणाली, वाचा ना.
वाचली. आपलं नाव मोठ्यानं वाचताना आवाज कसा येतो, हे पहिल्यांदाच ऐकलं. फॉर्म संपल्याचंही सांगितलं. पाच प्रती, चार तारा, रजा. जमेल तेवढं मुद्देसूद. मी माफी मागायचंही ठरवून गेलो होतो, बसमध्ये दीड पान लिहिलं होतं. खिशातच राहिलं.
श्रीपतराव म्हणाला, तुझी वहिनी त्र्याण्णवला गेली. लग्नकार्यात मला शेवटच्या रांगेत बसवायची. कोणी विषय काढायला नको म्हणून. मी तिच्यासमोर शपथा घ्यायचो, ती हो म्हणायची. मानायची की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.
मी टेबलाकडे बघत होतो.
त्यानं विचारलं, लख्या, एक शब्द खोडायला किती वेळ लागतो रे?
म्हटलं, वेळ नाही लागत.
मान हलवली. मग उठला. मोहनाला म्हणाला, तुझ्या मामाकडे जाऊन येऊ, त्याला कागद दाखवू. डब्या तिनं घेतल्या, कागद त्यानं स्वतः. पायरी उतरताना गुडघा धरला. मी हात पुढे केला, तोवर तो उतरला होता. येऊ का म्हणून विचारलं. नको म्हणाला. रागानं नाही, दुकानात येणाऱ्याला पंप नाही म्हणून सांगतात तसं.
मोहनानं घराला कुलूप लावलं. मी बाहेर ओट्यावर थोडा वेळ उभा राहिलो. गल्लीच्या टोकाला तो वळताना दिसला. कागद छातीशी धरला होता, घडी न करता.
साडेपाचची बस मिळाली. उभं राहून आलो.